इलेव्हन प्लस: पोरं तयार असतात, अडतं ते कागदावर

इलेव्हन प्लस म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रामर शाळांची, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांची, प्रवेश परीक्षा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिचे निकाल लागले की मला एक तरी फोन येतोच, "ताई, मुलगी पास झाली, आता शाळा कधी कळवणार?" मी विचारते काउन्सिलचा (स्थानिक प्रशासनाचा) फॉर्म भरलात ना, की समोरून काहीच आवाज नाही. मग "कुठला फॉर्म? आम्ही मे महिन्यातच रजिस्टर केलंय की." पोरीने दीड वर्ष शनिवार-रविवार घालवलेले असतात आणि आईवडिलांना एकच फॉर्म आहे असं वाटत असतं, म्हणून इथे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे एकदा सविस्तर लिहिते.

फॉर्म दोन असतात. पहिला परीक्षेच्या नोंदणीचा, तो शाळेकडे, शाळांच्या गटाकडे किंवा केंटसारख्या ठिकाणी काउन्सिलकडे, आणि तो मूल इयर फाइव्हमध्ये (नऊ-दहा वर्षांचं) असतानाच उन्हाळ्यात भरायचा. दुसरा शाळाप्रवेशाचा, तो तुम्ही जिथे राहता त्या काउन्सिलकडे, शेवटची तारीख 31 ऑक्टोबर, सगळ्या इंग्लंडसाठी एकच. शाळा दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीत असली तरी दुसरा फॉर्म आपल्याच काउन्सिलकडे जातो, म्हणजे घर स्लाऊमध्ये आणि शाळा रेडिंगची हवी असेल तर अर्ज स्लाऊकडेच. पहिला भरला नाही तर मूल परीक्षेलाच बसत नाही, आणि दुसऱ्यात शाळेचं नाव घातलं नाही तर कितीही मार्क पडू देत, सीट मिळत नाही. एका फॉर्मची माहिती आपोआप दुसऱ्यात जाईल या भरवशावर राहू नका.

आता वयाचं. सप्टेंबर 2027 ला इयर सेव्हनमध्ये (सेकंडरी शाळेच्या पहिल्या वर्षात) जाणारी मुलं म्हणजे 1 सप्टेंबर 2015 ते 31 ऑगस्ट 2016 मध्ये जन्मलेली, त्यांची परीक्षा बहुतेक ठिकाणी सप्टेंबर 2026 मध्ये. ग्रामर शाळा इंग्लंडभर मिळून 163 च्या आसपास आणि त्याही ठराविक भागांतच, केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर, स्लाऊ, सटन, बर्मिंगहॅम, ट्रॅफर्ड असे. नोंदणीच्या तारखा सगळीकडे वेगळ्या. केंटची जूनमध्ये चालते, काही मे मध्येच उघडतात, काही जुलैपर्यंत चालू असतात, तेव्हा मैत्रिणीने सांगितलेली तारीख तिच्या शाळेची असते हे लक्षात ठेवा. जून संपला की बऱ्याच ठिकाणी दार बंद, आणि "आम्ही सुट्टीला पुण्याला होतो" हे कारण कोणी ऐकत नाही. बकिंगहॅमशरमध्ये तिथल्या सरकारी प्रायमरीत शिकणाऱ्या मुलांची नोंदणी आपोआप होते आणि ह्यातूनच घोळ होतो, कारण शेजारच्या स्लाऊमध्ये राहणाऱ्याला वाटतं आपलीही होईल. नाही होत, बाहेरच्यांनी स्वतः भरायचं, आणि मूल प्रायव्हेट शाळेत असेल तर शाळेत जाऊन विचारून घ्या.

नोंदणीचा फॉर्म तसा सोपा आहे, वीस मिनिटांत होतो, फक्त नावाकडे नीट बघा. आपल्या मुलांच्या पासपोर्टवर मुलाच्या नावापुढेच वडिलांचं नाव असतं आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये ते बऱ्याचदा नसतं. मग परीक्षेला एक नाव, काउन्सिलकडे दुसरं, स्पेलिंग तिसरं, आणि ऑक्टोबरमध्ये निकाल आणि अर्ज जुळवताना गोंधळ. पासपोर्टवर आहे तसं दोन्हीकडे घाला आणि शाळेतही तेच करून घ्या. काही ठिकाणी फॉर्मसोबत मुलाचा फोटो अपलोड करायला लागतो.

जन्मदाखल्यावरून खूप लोक उगाच घाबरतात. महानगरपालिकेचा जुना दाखला काढून बघतात तर त्यात बाळाचं नावच नाही, कारण बारशाआधी नोंद झालेली, मग सासऱ्यांना वॉर्ड ऑफिसला चकरा. इथल्या प्रवेशाच्या नियमावलीत स्पष्ट आहे की जन्मतारखेचा पुरावा जागा देऊ केल्यानंतर मागता येतो, आणि आईवडिलांची माहिती असलेला लांब दाखला मागायचाच नाही. पासपोर्टवर जन्मतारीख असतेच. दाखल्यात नाव घालून घ्या जरूर, पण त्यासाठी अर्ज अडवून धरू नका.

व्हिसाचंही तसंच. "आमच्या व्हिसावर पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते) नाहीत लिहिलंय, मग सरकारी ग्रामर स्कूल चालेल का?" हा प्रश्न स्किल्ड वर्कर व्हिसावरचे सगळेच विचारतात. चालेल. सरकारी शाळेतलं शिक्षण पब्लिक फंड्समध्ये येत नाही, डिपेंडंट म्हणून आलेलं मूल सरकारी शाळेत जाऊ शकतं, आणि राष्ट्रीयत्व किंवा व्हिसा बघून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या मुलाला मात्र हे लागू नाही.

पण त्याच व्हिसामुळे खरा अडथळा दुसरीकडे येतो, तो म्हणजे पत्त्याचा पुरावा. बऱ्याच काउन्सिल पुराव्याच्या यादीत चाइल्ड बेनिफिटचं (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचं) पत्र घालतात, आणि चाइल्ड बेनिफिट हा पब्लिक फंड, म्हणजे व्हिसावरच्या घरात ते पत्र असणारच नाही! यादी बनवणाऱ्याला हे कधी सुचलं नाही याचा मला अजून राग येतो, कारण लोक ते नाही म्हणून घाबरून जातात आणि काही जण तर ते मिळवायला अर्ज करायला निघतात. तसं करू नका, व्हिसाची अट मोडल्यासारखं होईल. त्याऐवजी काउन्सिल टॅक्सचं (इथल्या घरपट्टीचं) बिल, भाड्याचा करार आणि मुलाचं नाव असलेलं जीपी सर्जरीचं (फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याचं) पत्र एवढं तयार ठेवा आणि काउन्सिलला आधीच ईमेल करून विचारा की आमच्याकडे ते पत्र नाही, यातलं काय चालेल. उत्तर लेखी येतं, ते जपून ठेवा.

आमचं स्वतःचं सांगते. आम्ही तेव्हा एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने होतो, भाड्यातच काउन्सिल टॅक्स धरलेला, त्यामुळे बिल घरमालकाच्या नावावर. करारावर पत्ता फ्लॅट ए, विजेच्या बिलावर फर्स्ट फ्लोअर फ्लॅट, जीपीच्या पत्रावर नुसता घर नंबर. काउन्सिलचं म्हणणं हे तीन वेगळे पत्ते आहेत. किचनच्या टेबलावर ते तीन कागद शेजारी शेजारी ठेवून मी बघत बसले होते, तोच दरवाजा, तोच जिना, आणि कागदावर तीन घरं. शेवटी विजेच्या कंपनीला फोन, जीपीकडे नवीन फॉर्म आणि घरमालकाकडून सहीचं पत्र, यात पाच आठवडे गेले. म्हणून सांगते, हे काम ऑगस्टमध्ये करा. सगळे कागद काढा आणि पत्ता अक्षर न् अक्षर सारखा आहे का ते बघा, पोस्टकोडसकट.

पत्ता महत्त्वाचा कारण पात्र ठरणं आणि जागा मिळणं वेगळं. पात्र ठरायला बकिंगहॅमशरला 121 गुण लागतात, स्लाऊच्या शाळांना 111, पण तेवढे मिळवणारी मुलं जागांपेक्षा जास्त असली तर शाळेच्या नियमाप्रमाणे कॅचमेंट (शाळेने ठरवलेला भाग), भावंडं, अंतर असं बघतात. काही शाळा उलट गुणांच्या क्रमानेच घेतात. तुमच्या शाळेची अॅडमिशन पॉलिसी वाचा, चार-पाच पानांचं काम आहे आणि क्लासच्या फीपेक्षा त्याने जास्त फायदा होतो. शाळेजवळ तीन महिने फ्लॅट भाड्याने घेऊन तो पत्ता दाखवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. काउन्सिल चौकशी करते, खोटा पत्ता निघाला तर दिलेली जागा काढून घेता येते, आणि त्या वेळी त्रास होतो तो मुलाला.

अभ्यासाचं थोडक्यात, कारण त्यावर सगळे बोलतातच. इंग्रजी, गणित, व्हर्बल आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग (शब्दांवरचे आणि आकृत्यांवरचे तर्काचे प्रश्न), यातलं काय काय येतं हे भागानुसार बदलतं. आपल्या घरात गणितावर जोर असतो आणि इंग्रजी होईल आपोआप असं धरतात. केंटमध्ये एकूण बेरजेशिवाय प्रत्येक पेपरला किमान गुण लागतात, म्हणजे गणितात भरपूर आणि इंग्रजीत एक-दोनने कमी असलं तरी मूल बाहेर. रोज वीस मिनिटं पुस्तक वाचून घ्या, आणि कृपा करून त्यासाठी घरात मराठी बंद करू नका, त्याने शब्दसंग्रह वाढत नाही. दुसरं, बऱ्याच ठिकाणी उत्तरं वेगळ्या कागदावर चौकटीत आडवी रेघ मारून द्यायची असतात. एक प्रश्न सोडला आणि पुढच्या प्रश्नाची रेघ त्याच्या ओळीत न मारता सोडलेल्या प्रश्नाच्याच ओळीत मारली की तिथून खालची सगळी उत्तरं एक घर वर सरकतात. आमच्या मुलीचं सरावात हे दोनदा झालं, तेव्हापासून दर पाच प्रश्नांनी बोट ठेवून नंबर जुळवायची सवय लावली. सरावाचे नमुना पेपर फुकट मिळतात, ते आधी करा. वयाने लहान मुलांसाठी बहुतेक ठिकाणी गुण वयानुसार जुळवले जातात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेल्याला फार काळजी नको.

मुलाला डिस्लेक्सिया असेल, ऐकायला कमी येत असेल, जास्त वेळ हवा असेल तर ते नोंदणीच्या मुदतीतच कळवायचं आणि शाळेचं किंवा तज्ज्ञाचं पत्र जोडायचं. परीक्षेच्या आठवड्यात सांगून काही होत नाही. आणि परीक्षेच्या दिवशी ताप असेल तर पाठवू नका. सकाळीच फोन आणि ईमेल करा, दुसरी तारीख मिळते, पण एकदा पेपर दिल्यावर "तिला बरं नव्हतं" याला फारशी किंमत राहत नाही.

निकाल 31 ऑक्टोबरच्या आधी येतो, म्हणजे काउन्सिलच्या फॉर्मसाठी जेमतेम दोन आठवडे मिळतात आणि त्यातच हाफ टर्म (शाळेची मधली सुट्टी) आणि बऱ्याचदा दिवाळी. 2026 ला 31 तारखेला शनिवार आहे, त्या दिवशी काही अडलं तर काउन्सिलमध्ये फोन उचलायला कोणी नसेल असंच धरून चाला. फॉर्म सप्टेंबरमध्येच भरून ठेवा, निकालानंतर मुदतीच्या आत बदलता येतो. लंडनमध्ये सहा शाळा घालता येतात. क्रम तुमच्या खऱ्या आवडीचा ठेवा, कारण तुम्ही कितवी पसंती दिलीत हे बघून शाळेला प्राधान्य देता येत नाही. फक्त ग्रामर शाळाच भरू नका, जवळची एक साधी शाळा यादीत घालाच, नाहीतर काहीच न मिळाल्यावर काउन्सिल जिथे जागा उरली असेल तिथे टाकते.

1 मार्च 2027 ला शाळा कळते. हवी ती मिळाली नाही तरी मिळालेली स्वीकारा, त्याने वेटिंग लिस्टवरचं नाव किंवा अपील जात नाही. मूल पात्र ठरलं नसेल आणि अपील करायचं असेल तर मूल त्या दर्जाचं आहे हे दाखवणारा पुरावा लागतो, म्हणजे शाळेचे रिपोर्ट आणि मुख्याध्यापकांचं पत्र. "ती खूप हुशार आहे" एवढं आपण लिहून चालत नाही. ते पत्र शाळेकडे मार्चमध्ये घाईने मागण्यापेक्षा इयर फाइव्हचा रिपोर्ट आला की फाइलला लावून ठेवा. आणि शाळेला वेटिंग लिस्ट निदान 31 डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते, तेव्हा मधे घर बदललं तर नवीन पत्ता काउन्सिलला लगेच कळवा.