बॉलच्या गळ्यातच अडकवलेला डेटा: व्हीपायथॉनची ही सवय आली कुठून

व्हीपायथॉनमध्ये, म्हणजे पायथॉन भाषेतून थ्रीडी हलती चित्रं काढायच्या लायब्ररीत, एक स्फिअर म्हणजे गोळा बनवायचा, त्याला बॉल म्हणायचं आणि खाली सरळ बॉल डॉट व्हेलॉसिटी लिहून टाकायचं. स्फिअरच्या मूळ व्याख्येत व्हेलॉसिटी नसतेच मुळी, पण आपण अडकवली की ती अडकून बसते, मग मास अडकवा, चार्ज अडकवा, कोणी विचारत नाही.

ही मोकळीक पायथॉनची, ऑब्जेक्टच्या पोटात एक डिक्शनरी, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्यांची यादी, असते त्यामुळे, पण तिचा असा वापर सुरू झाला तो फिजिक्स शिकवायला. 2000 साली कार्नेगी मेलनमध्ये डेव्हिड शेरर या विद्यार्थ्याने व्हीपायथॉन लिहिलं, सोबत होते रूथ चाबे आणि ब्रूस शेरवुड, त्यातल्या शेरवुडची आधीची सीटी नावाची प्रोग्रॅमिंग भाषा होतीच. नुसत्या ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये कुठला गोळा कुठे आहे हे आपल्या ॲरेमध्ये आपणच सांभाळायचं आणि दर फ्रेमला नव्याने काढायला सांगायचं, त्यात पोरांचा सगळा जीव जायचा, म्हणून यांनी चित्र आणि डेटा एकच करून टाकलं, पॉस (गोळ्याच्या जागेचे तीन आकडे, म्हणजे एक व्हेक्टर) बदलला की स्क्रीनवरचा गोळा आपोआप सरकतो. कल्पना तशी जुनीच म्हणा, 1963 च्या स्केचपॅड या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये आयव्हन सदरलंडने बिंदू आणि रेषा एकमेकांना जोडूनच साठवल्या होत्या.

बनवलेले ऑब्जेक्ट परत शोधायचे तर क्लासिक म्हणजे जुन्या व्हीपायथॉनमध्ये सीन डॉट ऑब्जेक्ट्स ही यादी होती, पण त्यात फक्त दिसणारे ऑब्जेक्ट, व्हिजिबल फॉल्स केलं की गायब. म्हणून लोक आपली वेगळी लिस्ट ठेवायला लागले. मी पण ठेवली, मार्ग साठवायला दर स्टेपला बॉल डॉट पॉस ॲपेंड करत गेलो आणि शेवटी बघतो तर हजार नोंदी, सगळ्या शेवटच्याच जागेच्या! लिस्टमध्ये जागा नव्हे, त्याच एका व्हेक्टरचा पत्ता हजारदा गेलेला, व्हेक्टरमध्ये गुंडाळून कॉपी करायची राहिली होती, एवढ्यासाठी अख्खी संध्याकाळ गेली.

डिस्कवर ठेवणं मात्र कधी सोपं झालंच नाही. पिकल या पायथॉनच्या ऑब्जेक्ट साठवायच्या सोयीला साधी पायथॉन ऑब्जेक्ट चालतात, इथे मागे चित्र काढणारी वेगळीच यंत्रणा लटकलेली. त्यात 2011 मध्ये शेरर आणि शेरवुड यांचंच ग्लोस्क्रिप्ट आलं, ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणाऱ्या वेबजीएलवर, तिथे पायथॉनचं जावास्क्रिप्ट होतं आणि फाईल उघडायचं नेहमीचं ओपन चालत नाही. जुपिटर या ब्राउझरमधल्या वहीत ओपन चालतं, पण पिकलची अडचण तीच, त्यामुळे तिथे व्हीपायथॉन 7 वापरणारे पण पॉसचे तीन आकडे, व्हेलॉसिटीचे तीन, रेडियस, रंग एवढंच जेसॉन या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहितात, आणि पुढच्या वेळी वाचून गोळे नव्याने बनवतात.