मार्क्का : देशाच्या आधी आलेलं चलन

फिनलंड स्वतंत्र झाला ६ डिसेंबर १९१७ रोजी. त्याचं स्वतःचं चलन मात्र त्याच्या ५७ वर्षं आधीच ठरलेलं होतं. एरवी आधी राज्य येतं आणि मग त्याची टांकसाळ. इथे क्रम उलटा लागला, आणि मला मार्क्काच्या कहाणीतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

शतकानुशतकं स्वीडनकडे असलेला हा मुलूख १८०९ मध्ये रशियाच्या झारकडे गेला आणि एक स्वायत्त संस्थान बनला. रूबल अधिकृत झाला, पण बाजारात बरीच वर्षं स्वीडिश पैसाच चालायचा. १८४० च्या चलनसुधारणेनंतर कुठे रूबलचा जम बसला. तोच क्रिमियाचं युद्ध पेटलं. खर्चाने रशियाचा खजिना पोखरला आणि कागदी रूबलच्या बदल्यात चांदी मिळणं बंद झालं. फिनलंडचं लाकूड आणि लाकडापासून काढलेलं डांबर पश्चिम युरोपात विकलं जायचं. हातातल्या नोटेची किंमत उद्या काय असेल हेच कळेना, तेव्हा तिथल्या सिनेटने स्वतःच्या चलनाचा आग्रह धरला. अर्थखातं सांभाळणारे फाबियान लांगेनशल्ड त्यात पुढे होते. ४ एप्रिल १८६० रोजी झार दुसऱ्या अलेक्झांडरने मंजुरी दिली. एक मार्क्का म्हणजे पाव रूबल, आणि एका मार्क्काचे शंभर पेन्नी.

पाव रूबल म्हणजे दोर अजून रशियाच्याच हातात. तो सोडवला लांगेनशल्ड यांच्यानंतर अर्थखातं सांभाळणाऱ्या योहान विल्हेल्म स्नेलमान यांनी. १८६५ मध्ये त्यांनी मार्क्का थेट चांदीशी बांधून घेतला आणि फिनलंडमध्ये कागदी रूबलची सक्ती संपली. त्याच्या आदल्याच वर्षी हेलसिंकीच्या टांकसाळीतून पहिली नाणी बाहेर पडली होती. पुढे चांदी घसरू लागल्यावर १८७८ पासून मार्क्का सोन्यावर गेला, फ्रेंच फ्रँकच्या बरोबरीने. झारच्या साम्राज्यातला एक तुकडा आता पैशाच्या बाबतीत पॅरिसकडे बघून चालत होता!

स्वातंत्र्य आलं ते मात्र यादवी घेऊन. १९१८ मध्ये हेलसिंकी ताब्यात घेतलेल्या लाल, म्हणजे समाजवादी क्रांतिकारकांच्या, सरकारने पाच पेन्नीचं तांब्याचं नाणं पाडलं. त्यावर तुताऱ्या आहेत आणि शब्द आहेत, ‘जनतेचं श्रम, जनतेची सत्ता’. काही महिन्यांत ते सरकार कोसळलं, नाणं तेवढं मागे राहिलं. महायुद्ध आणि महागाईने मार्क्काचीही दैना केली. युद्धाआधी डॉलरला पाच मार्क्का आणि वर थोडे पेन्नी पडायचे. १९२६ मध्ये पुन्हा सोन्याशी सांगड घातली तेव्हा डॉलरला ३९.७० मार्क्का मोजावे लागत होते.

या सगळ्या इतिहासात एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, ते १९४५ च्या वर्षअखेरीचं. युद्ध हरलेल्या, नुकसानभरपाईच्या ओझ्याखाली वाकलेल्या देशात सरकारने हुकूम काढला की ५००, १००० आणि ५००० च्या नोटा मधोमध कापायच्या. लोकांनी घरोघरी कात्र्या काढल्या. डावा तुकडा निम्म्या किमतीला बाजारात थोडे आठवडे चालायचा, उजवा तुकडा म्हणजे सरकारला दिलेलं सक्तीचं कर्ज. उद्देश एकच, बाजारात फिरणारा पैसा कमी करून महागाईला लगाम घालायचा. पण बँकेतल्या ठेवींना आणि लहान नोटांना हात लावला नव्हता, त्यामुळे महागाई काही आटोक्यात आली नाही. ज्याने रोकड घरात जपून ठेवली होती, त्याच्या नोटेवर तेवढी कात्री चालली. हे मला अन्यायाचं वाटतं.

नंतर किमती इतक्या फुगल्या की १ जानेवारी १९६३ पासून शंभर जुन्या मार्क्कांचा एक नवा मार्क्का करावा लागला. १९५७, १९६७ अशी मोठी अवमूल्यनंही झाली. कागद आणि लाकूड विकून जगणाऱ्या देशाला चलन स्वस्त करणं हा हुकमी उपाय वाटायचा. १९९१ मध्ये सोव्हिएत बाजारपेठ हातची गेली, पुन्हा अवमूल्यन झालं आणि ८ सप्टेंबर १९९२ रोजी मार्क्का बाजाराच्या भरवशावर सोडून दिला गेला. परदेशी चलनात कर्ज काढलेले कितीतरी उद्योजक त्यात बुडाले.

युरोकडे जाण्याचा कल या घावांनंतरच पक्का झाला. १९९९ मध्ये दर कायमचा ठरला, एका युरोला ५.९४५७३ मार्क्का. २००२ च्या फेब्रुवारीअखेर मार्क्का व्यवहारातून गेला. शंभराच्या शेवटच्या नोटेवर संगीतकार सिबेलियस होते आणि पाठीमागे उडणारे हंस. फिनलंडच्या एक युरोच्या नाण्यावरही तळ्यावरून उडणारे दोन हंस आहेत. जुन्या नोटा बदलून द्यायला फिनलंडच्या मध्यवर्ती बँकेची खिडकी आणखी दहा वर्षं उघडी होती. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तीही बंद झाली.