बाळाला मागे तोंड करून बसवा

आपल्या सीमाभागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलगी बेळगावची आणि सासर कोल्हापूर-पुण्याकडे, नाहीतर सासर बेळगावातल्या शहापुरात आणि माहेर निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या एखाद्या गावात. बारसं होतं, तीन महिने जातात आणि मग बाळ-बाळंतिणीला पोहोचवायला गाडी निघते. ओटी भरतात, बाळाला काजळाची तीट लावतात, डिंकाच्या लाडवांचे डबे आणि दुपट्यांचं गाठोडं डिकीत जातं. टपावर ठेवलेला पाळणा हलू नये म्हणून दोरीने आवळून बांधतात. बाळ मात्र मांडीवर असतं, आणि बऱ्याचदा पुढच्या सीटवरच्या आजीच्या मांडीवर, कारण तिथे जागा ऐसपैस. बाळाचा पहिला लांबचा प्रवास असा राष्ट्रीय महामार्ग 48 वर सुरू होतो.

मांडीवर बाळ सुरक्षित आहे असं आपल्याला मनापासून वाटतं. घरात ते खरंही आहे. धावत्या गाडीत नाही.

ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोरून जोरात धडक बसली की गाडी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. गाडी थांबली तरी आतलं बाळ थांबत नाही, ते त्याच वेगाने पुढे जात राहतं. 10 किलोच्या बाळाला तेवढ्या वेळात गाडीबरोबर थांबवायचं तर हातांवर सरासरी 140 किलोचा जोर येतो. हीही झाली सरासरी. त्यातल्या काही क्षणांत जोर याहून बराच जास्त असतो. एवढी ताकद आईच्या हातांत नाही, आजीच्या नाही आणि तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाच्याही नाही. शिवाय हा हिशेब गावातल्या वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, आणि तवंदी घाट उतरल्यावर महामार्गावर सुटलेली गाडी कितीने धावते हे आपण सगळेच जाणतो.

काही जण आई आणि बाळ दोघांना मिळून एकच बेल्ट लावतात. धडकेत आईचं सगळं वजन, अनेक पटींनी वाढून, बाळाला बेल्टवर दाबतं. त्यामुळे हा उपाय मांडीपेक्षा बरा नाही.

म्हणजे बाळाला स्वतःची सीट हवी, गाडीच्या सीटवर बेल्टने लावायची आणि बाळापुरते पट्टे असलेली चाइल्ड सीट. पण ती कुठल्या दिशेला तोंड करून बसवायची, पुढे रस्त्याकडे की मागच्या काचेकडे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि नेमकी तिथेच बहुतेक घरांत चूक होते. उत्साहाने सीट आणलेली असते, पण बाळाला रस्ता दिसावा, आईला बाळाचा चेहरा दिसावा म्हणून ती पुढे तोंड करून लावली जाते.

लहान बाळाच्या शरीराची ठेवण आपल्यासारखी नसते. जन्मतः डोक्याची लांबी पूर्ण उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढी असते. मोठ्या माणसात ती सातव्या-आठव्या हिश्शावर येते. वजनाचंही तसंच. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या वजनाच्या जवळजवळ पाव असतं, आपलं सुमारे 6 टक्के. एवढा भार ज्या मानेवर आहे तिची हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. मानेचा मणका जन्माच्या वेळी एकसंध नसतो. हाडाचे वेगवेगळे तुकडे कूर्चेने, म्हणजे हाडाहून मऊ, लवचिक भागाने जोडलेले असतात आणि ते एकमेकांना पक्के सांधायला साधारण तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं. सांधे धरून ठेवणारे बंधही सैल असतात. कूर्चेमुळे बाळाचा कणा ताणला तर सुमारे 5 सेंटिमीटरपर्यंत लांबू शकतो, पण त्यातून जाणारा मज्जारज्जू 6 मिलिमीटरच्या आसपासच तुटतो. बाहेरून मान शाबूत दिसेल आणि आत मज्जारज्जू तुटलेला असेल, असं बाळाच्या बाबतीत घडू शकतं.

आता पुढे तोंड करून बसलेलं बाळ डोळ्यांपुढे आणा. धडक बसली की पट्टे खांदे धरतात, छाती धरतात. डोक्याला धरणारं काहीच नसतं. ते पुढे झेपावतं आणि त्याला मागे खेचून ठेवायचं सगळं काम मानेवर येतं. मागे तोंड असेल तर पाठ, मान आणि डोकं एकाच वेळी सीटच्या पाठीत रुततात. जोर तेवढाच असतो, पण तो अख्ख्या पाठीवर पसरतो आणि मान ताणली जात नाही. ओल्या बाळंतिणीच्या हातून बाळ घेताना घरातली मोठी माणसं पहिलं काय सांगतात? मानेखाली हात दे. मागे तोंड केलेली सीट धडकेच्या क्षणी तेच करते.

ही कल्पना स्वीडनची. बर्टिल आल्डमन या डॉक्टर-संशोधकाने अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं पाहिली. उड्डाणाचा प्रचंड जोर पाठीवर पसरावा अशी त्यांची रचना होती. बाळांसाठीही हेच करता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं. 1964 मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा सीटच्या पहिल्या चाचण्या झाल्या. त्या देशात आजही चार वर्षांपर्यंत मुलाला मागे तोंड करून बसवण्याचा सल्ला देतात.

‘मागे तोंड करून बसवणं पाचपट सुरक्षित’ असं वाक्य इंटरनेटवर वारंवार दिसतं. ते 2007 च्या एका अमेरिकी अभ्यासातून आलं. पुढे त्या अभ्यासाच्या आकडेमोडीत चुका सापडल्या आणि तो मागे घेतला गेला. पुन्हा हिशेब केला तेव्हा कल मागे तोंड करण्याच्याच बाजूने होता, पण एक-दोन वर्षांच्या मुलांमधल्या गंभीर इजा मुळातच इतक्या कमी होत्या की ठाम आकडा काढणं शक्य नव्हतं. म्हणून ‘पाचपट’ म्हणू नये, असं मला वाटतं. सल्ला मात्र त्याने ढिला पडला नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2018 मध्ये ‘दोन वर्षांपर्यंत’ ही आपली अट काढली आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तोवर मूल मागे तोंड करूनच बसू द्यावं, असं सांगितलं. युरोपातल्या नव्या नियमानुसार बनवलेल्या सीटमध्ये 15 महिन्यांआधी पुढे तोंड करायला परवानगीच नाही. पहिला वाढदिवस झाला की सीट फिरवायची घाई आपल्याकडे होते. तिला शास्त्राचा आधार नाही.

पाय अवघडतात, ही आज्यांची नेहमीची काळजी. मुलं पाय दुमडून, मांडी घालून किंवा सीटच्या पाठीवर वर टेकवून मजेत बसतात. मागे तोंड केलेल्या सीटमध्ये पायाच्या इजा क्वचितच होतात आणि मोडलेला पाय जुळतो. मज्जारज्जू जुळत नाही.

मागून ट्रकने ठोकलं तर काय, असंही विचारतात. मागून येणारी गाडी आपल्याच दिशेला धावत असते, त्यामुळे दोघांच्या वेगातला फरक सहसा कमी असतो. जीवघेण्या इजा अधिक होतात त्या समोरून आणि बाजूने बसणाऱ्या धडकांत. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसतात, कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रात्री अशा ट्रॉलीवर गाडी आदळली तर ती ट्रॉलीला मागून बसलेली धडक असते, आपल्या बाळासाठी मात्र समोरून.

सीट बसवताना सर्वांत आधी एअरबॅग. ती ताशी 300 किलोमीटरच्या आसपास वेगाने फुगते. पुढच्या सीटवर मागे तोंड करून बाळ बसवलं तर ती थेट त्याच्या डोक्यामागच्या भागावर आदळते. 2021 पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची आहे. तेव्हा बाळाची सीट मागेच लावायची, यात तडजोड नको. छोट्या गाडीत त्यासाठी पुढची सीट थोडी पुढे सरकवावी लागते. शेजारी बसणाऱ्याने तेवढं अवघडून घ्यावं.

सीट लावून झाली की जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवून पाहा. इंचभराहून जास्त हलली तर बेल्ट पुन्हा ओढा. सीट किती कलती ठेवायची याची खूण तिच्या बाजूलाच असते. फार उभी झाली तर तान्ह्या बाळाची मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत. पट्टा खांद्याजवळ चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर तो अजून सैल आहे.

बेळगावच्या थंडीत एक प्रयोग घरीच करून बघण्यासारखा आहे. बाळाला जाड स्वेटर घालून पट्टे नीट घट्ट करा. मग पट्टे सैल न करता बाळाला बाहेर काढा, स्वेटर उतरवा आणि पुन्हा त्याच पट्ट्यांत बसवा. आता आत अख्खा पंजा जाईल. धडकेत स्वेटरची लोकर दबते आणि एवढं अंतर बाळाला मोकळं मिळतं. म्हणून पातळ कपड्यांवर पट्टे बांधायचे आणि गोधडी वरून पांघरायची. टोपडं चालेल, मागे जाड गाठ नको.

झबली-दुपटी आपल्याकडे या चुलत भावंडाकडून त्या चुलत भावंडाकडे जातात, आणि ते छानच आहे. सीट मात्र घेताना ती कधी अपघातात सापडली होती का, हे विचारा. प्लास्टिकला पडलेली तड वरून दिसत नाही. मुदत संपल्याची तारीखही तिच्यावरच पाहायला मिळते.

मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना असेल तर 1000 रुपये दंड आहे. पोलीस सहसा अडवत नाहीत, हे खरं. आपल्यातली पुष्कळ घरं तर स्कूटरवरच फिरतात. त्यांच्यासाठी 2023 पासून वेगळा नियम आहे: चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट आणि वेग ताशी 40 च्या आत.

बाळ रडेल, भुकेलं होईल. तेव्हा चालत्या गाडीत त्याला पट्ट्यांतून काढून पाजायला घेऊ नका. गाडी थांबवा, पण महामार्गाच्या कडेला नको, पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात. तान्ह्या बाळाला तसंही सीटमध्ये फार वेळ सलग ठेवू नये. बाहेर काढून थोडं आडवं निजवावं. भाड्याची गाडी केली तरी बेल्टने लावायची सीट बरोबर नेता येते. फक्त ती बसवायला दहा-पंधरा मिनिटं लागतील आणि मागे एक माणूस कमी बसेल, हे गाडी ठरवतानाच चालकाला आणि घरच्यांना सांगून ठेवा.