ड्रॅग शर्यतीतील टर्बोचार्जर : व्यासाचे बंधन आणि त्याभोवतीची कारागिरी

अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीत दोन गाड्या उभ्या जागेवरून सुटतात आणि परंपरेने पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, सरळ अंतर कापतात. तेथील ‘प्रो मॉड’ या गाड्यांच्या वर्गात टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र), सुपरचार्जर (तेच काम इंजिनाच्याच शक्तीवर करणारे यंत्र) आणि नायट्रस ऑक्साइड (जादा ऑक्सिजन पुरवणारा वायू) वापरणारी इंजिने एकमेकांविरुद्ध उतरत असल्यामुळे, त्यांच्यात समतोल राखण्यासाठी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या शर्यतींच्या नियामक संस्थेला गाडीच्या किमान वजनाचे आणि टर्बोच्या आकाराचे नियम वेळोवेळी बदलावे लागले आहेत.

टर्बोवर मर्यादा घालताना बहुधा कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, चाकाचा, हवा आत शिरते त्या तोंडाशी असलेला व्यास मोजतात. इंजिनाची शक्ती दर सेकंदाला मिळणाऱ्या ऑक्सिजनवर अवलंबून असते, आणि या तोंडाशी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडू लागला, की चाक कितीही जोरात फिरवले तरी प्रवाह फारसा वाढत नाही. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ८८ मिलिमीटरचा व्यास ८६ केला, तर व्यास जेमतेम सव्वादोन टक्के घटतो, पण क्षेत्रफळ साडेचार टक्के कमी होते.

केवळ बूस्टच्या, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या, दाबावर मर्यादा घालण्यापेक्षा हा नियम मला अधिक न्याय्य वाटतो, कारण दाब सारखा असला तरी हवेचे वस्तुमान सारखे असेलच असे नाही. २७ अंश सेल्सिअसची हवा ७५ टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरने दुप्पट दाबाला नेली, तर तिचे तापमान ११५ अंशांच्या आसपास पोहोचते आणि दुप्पट होऊ शकणारी घनता जेमतेम दीडपट होते. म्हणूनच अनेक संघ इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या उपकरणात) बर्फाचे पाणी फिरवतात. काही सेकंदांच्या शर्यतीला ते पुरते, रोजच्या प्रवासात मात्र बर्फ लवकरच वितळून जाईल.

टर्बोची खरी अडचण सुटण्याच्या क्षणी येते. गाडी उभी असताना एक्झॉस्टचा प्रवाह अपुरा असतो आणि मोठ्या टर्बोचे जड चाक गती घ्यायला वेळ लावते. त्यावर उपाय म्हणून ट्रान्सब्रेकने (गिअरबॉक्स अडकवून धरणाऱ्या यंत्रणेने) गाडी जागीच रोखून ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात, जेणेकरून ज्वलनाची बरीच उष्णता एक्झॉस्टमध्ये जाऊन टर्बाइन, म्हणजे टर्बोचे एक्झॉस्टच्या बाजूचे चाक, फिरवते. या युक्तीने टर्बाइन आणि एक्झॉस्ट वाल्व यांच्यावर प्रचंड ताण येतो. गाडी सुटल्यावरही पूर्ण बूस्ट लगेच देता येत नाही, कारण टायर घसरतात. म्हणून संगणकाच्या हुकमावर, बाटलीतील कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने वेस्टगेटची (एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणाऱ्या झडपेची) उघडझाप करून बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवतात.