मनीच्या डोळ्यांनी पाहिलेलं बेट

परवा आमच्या गिरगावच्या चाळीत वीज गेली. जिन्यात मोबाइलचा टॉर्च मारला, तर वरच्या पायरीवर दोन हिरवे दिवे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, काळोखात मांजराचे डोळे पेटतात. थांब जरा, आडवं जाईल." मी टॉर्च बंद केला, दिवे विझले. पुन्हा लावला, पुन्हा चमकले. मग आजींनी स्वतः दोनदा करून पाहिलं. आडवं जाण्याचा विषय तिथेच संपला.

मनीचे डोळे पेटत नाहीत, आलेला उजेड परत फेकतात. ही करामत मला फार आवडते. डोळ्यात शिरलेला उजेड दृष्टिपटलावर पडतो, पण त्यातला काही तिथल्या पेशींच्या हाती न लागता आरपार निसटतो. आपल्या डोळ्यात मागचा काळसर थर तो गिळून टाकतो. मांजराच्या दृष्टिपटलामागे मात्र चकचकीत पेशींचे थर एकावर एक रचलेले असतात, त्याला टॅपेटम म्हणतात. हुकलेला किरण तिथून उलटा फिरतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. त्यातूनही जो सुटतो, तो बाहुलीतून बाहेर येतो. आजींना दिसले ते दिवे हेच. शिवाय अंधुक उजेड टिपणाऱ्या दंडाकार पेशी तिच्याकडे भरपूर, आणि कित्येक पेशींचा संदेश एकाच चेतापेशीत ओतला जातो, थेंब थेंब एका घागरीत साठावेत तसा. म्हणून आपल्याला लागतो त्याच्या साधारण एक षष्ठांश उजेडात तिचं भागतं. ठार काळोखात तिलाही काही दिसत नाही.

पण घागर भरली तरी कुठला थेंब कुठून आला ते कळत नाही. चित्र पुसट होतं. आपल्याला 100 फुटांवरून नीट दिसतं ते पाहायला मांजराला 20 फुटांवर यावं लागतं. तांबडं आणि हिरवं यांतला फरकही तिला जेमतेम कळतो. गॅलरीत मनी तुळशीच्या कुंडीमागे दबा धरून बसते, तेव्हा मंजिऱ्या, पानांचा हिरवेपणा यांचं तिला काहीच नसतं. तुळस म्हणजे आडोसा. कठड्यावरच्या चिमणीची शेपटी हलली, की कान ताठ.

हे डोळे न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर पोचले. 1894 साली तिथलं दीपगृह सुरू झालं, माणसांबरोबर मांजर आलं. बेटावर लायल्स रेन नावाचा न उडणारा चिमुकला पक्षी होता. दीपगृहावर काम करणाऱ्या डेव्हिड लायल यांनी तो जिवंत पाहिला, तेव्हा तो उंदरासारखा धावत होता. अंधुक उजेडात, जमिनीलगत, उंदरासारखा! मांजराचा डोळा घडलाय तो याच दृश्यासाठी. मांजरानं घरी आणलेल्या कलेवरांतून शास्त्रज्ञांना या पक्ष्याची ओळख झाली, आणि थोड्याच काळात तो संपला. 'एकाच मांजरीनं अख्खी जात संपवली' ही गोष्ट मात्र रंगवून सांगितलेली आहे. बेटावर रानटी झालेली बरीच मांजरं होती.

न्यूझीलंडच्याच काकापो या न उडणाऱ्या पोपटाची तऱ्हा उलटी. धोका दिसला की तो जागच्या जागी थिजतो. हिरव्या शेवाळात हिरवा पोपट, वरून घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याला सापडायचा नाही. पण त्याच्या अंगाला मधासारखा दाट वास येतो, आणि मांजराला नाकही आहे. माणसानं आणलेल्या मांजरांनी आणि इतर शिकारी प्राण्यांनी अशी वेळ आणली, की 1995 साली जगात 51 काकापो उरले होते.

आता आडोशाबद्दल, म्हणजे झाडापानांबद्दल. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर ताटाएवढ्या पानांची एक वनस्पती आहे, मॅक्वारी कोबी. ती त्या भागातल्या मोजक्या बेटांवरच उगवते. ताज्या भाज्या-फळांअभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगावर इलाज म्हणून जुने खलाशी ती खात. बेटावरच्या मांजरांना या कोबीशी काही देणंघेणं नव्हतं, ती ससे आणि पक्षी मारत. 2000 पर्यंत बेटावरची मांजरं संपवली, पक्षी वाचले, पण ससे बेसुमार वाढले आणि कोबीचे उतार कुरतडून उघडे पडले. सशांना आवर घालणारा विषाणू निष्प्रभ होत गेला हेही कारण होतं, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं. शेवटी ससे, मोठे उंदीर आणि छोटे उंदीर सगळेच हटवले. 2014 साली बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि त्या उतारांवर ताटाएवढी पानं पुन्हा दिसू लागली.