पार्श्वभूमी : पर्यावरणातली विषं आणि डॉक्टरांचं शिक्षण

‘तू काम काय करतोस?’ हे रुग्णाला विचारावं, असं इटलीतल्या एका वैद्याने १७०० साली लिहून ठेवलं. प्रश्न पुस्तकात राहिला, तपासणीच्या खोलीत क्वचितच पोचला. पुढची पावणेतीनशे वर्षं इथे ओलांडून जाता येतील, कारण आज या विषयाचं जे शिक्षण डॉक्टर-नर्सना मिळतं त्याचं मूळ १९७८च्या अमेरिकेत आहे. नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल वस्तीखाली सुमारे २०,००० टन रासायनिक कचरा पुरलेला होता आणि त्याचा पाझर घरांच्या तळघरांत येऊ लागला होता. लोक डॉक्टरांकडे गेले. पण गर्भपातांचा, मुलांच्या आजारांचा या रसायनांशी संबंध कसा तपासायचा, हे डॉक्टरांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

डिसेंबर १९८०मध्ये अशा जागांच्या सफाईचा कायदा झाला. आपल्या विषयासाठी मात्र १९८६ची दुरुस्ती जास्त महत्त्वाची. घातक पदार्थांच्या संपर्कातून होणाऱ्या आजारांचं निदान आणि उपचार यांवर शैक्षणिक साहित्य व छोटे अभ्यासक्रम तयार करून ते राज्यांना, आणि मागणी आल्यास वैद्यकीय महाविद्यालयांना व डॉक्टरांना पुरवणं, ही सरकारी जबाबदारी ठरली. त्याच कायद्यात नागरिकांचा रसायनांबद्दलच्या माहितीचा हक्कही आला आणि त्यामागे भोपाळ होतं. डिसेंबर १९८४च्या त्या रात्री डॉक्टरांसमोर माणसं गुदमरत होती. वायू नेमका कोणता आणि त्यावर उपाय काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नव्वदच्या दशकात रुग्णकथांवर बेतलेल्या पुस्तिका निघाल्या. वैद्यकीय शिक्षणातला हा घटक गायबच आहे, असं एका तज्ज्ञ समितीने १९९५मध्ये स्पष्ट म्हटलं. वस्ती, घर, छंद, व्यवसाय, सवयी, आहार, औषधं अशी प्रश्नांची साखळीही रूढ झाली. यातला ‘छंद’ पाहुण्यासारखा वाटतो, पण छातीत दुखतं म्हणून आलेला माणूस सुट्टीत बंद खोलीत जुन्या फर्निचरचा रंग उतरवत असेल, तर? रंग काढायच्या द्रावणातल्या मेथिलीन क्लोराइडचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतं आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. ईसीजी हे सांगणार नाही. विचारलं तरच कळतं.

या सगळ्या शिक्षणात सर्वाधिक गोंधळ घातला तो शिशाच्या आकड्याने. मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम शिसं सापडलं की काळजी करायची? साठच्या दशकात उत्तर ६० होतं. मग ४०, १९७५मध्ये ३०, १९८५मध्ये २५, १९९१मध्ये १०. या दहाला ‘चिंतेची पातळी’ म्हणत आणि नाव तिथेच नडलं. नऊ आलं की डॉक्टर आईला ‘नॉर्मल आहे’ सांगून मोकळे होत. वास्तविक शिशाची सुरक्षित पातळी कुणालाच सापडलेली नव्हती. अखेर २०१२मध्ये तो शब्द सोडला आणि ‘संदर्भ मूल्य’ आलं : आधी ५, आणि २०२१पासून ३.५. याचा अर्थ एवढाच, की आकडा ठरवला तेव्हा अमेरिकेतल्या एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये सर्वांत जास्त शिसं असलेली अडीच टक्के मुलं या रेषेच्या वर होती. ही आकडेवारीतली रेषा आहे. विषाची रेषा नव्हे. माझ्या मते शब्द बदलला हे योग्यच झालं, पण तो नीट समजावला गेला नाही. आजही अनेक जण ३.५ हा आकडा जुन्या १०सारखाच वाचतात.

या बदलाची किंमत अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात कळली. एप्रिल २०१४मध्ये शहराचा पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केलीच नाही, त्यामुळे पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. दुसऱ्या वर्षी तिथल्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरने मुलांच्या रक्ताचे अहवाल पत्त्यांशी ताडून पाहिले. ५ किंवा त्याहून जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलेलं होतं. जुना १०चा आकडा धरला असता तर त्यांतली बरीच मुलं ‘नॉर्मल’मध्येच मोडली असती.

आता तोच पेच ‘पीफास’ रसायनांबाबत आहे; न चिकटणारी भांडी, पाणी न शोषणारं कापड अशा वस्तूंत वापरली जाणारी ही रसायनं सहजी नष्ट होत नाहीत. २०२२च्या मार्गदर्शनात पुन्हा दोन रेषा आल्या : रक्ताच्या एका मिलीलिटरमागे २ आणि २० नॅनोग्रॅम. दोनच्या खाली अपाय अपेक्षित नाही, विसाच्या वर धोका वाढतो आणि मधल्या पट्ट्यातल्यांनी संपर्क कमी करावा, असा सल्ला आहे. रुग्णाला झालेला आजार याच रसायनांमुळे झाला का, हे मात्र ती तपासणी सांगत नाही. आणि संपर्क कमी करायचा, तर घर कुठे आहे, पाणी विहिरीचं की नळाचं, हे डॉक्टरला आधी विचारावंच लागतं.