‘ताप’ या एका रकान्यात काय काय दडलंय?

ठाण्यातल्या जुन्या साथींचा शोध घेणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा येतात ते मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरचे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याचे, वार्षिक अहवाल. शेवटच्या पानांवर जिल्हावार तक्ते असतात: पटकी (कॉलरा), देवी, ताप, अतिसार-हगवण, श्वसनाचे विकार, इजा, इतर कारणे. प्लेगचा रकाना 1896 च्या साथीनंतर आला. 1918 मध्ये इन्फ्लुएंझाने हजारो घरं उजाड केली, पण त्यातले बहुतेक मृत्यू लिहिले गेले ‘ताप’ म्हणून.

यात लबाडी नव्हती. खेड्यात मृत्यूची वर्दी पोलीस पाटील घ्यायचा, डॉक्टर नव्हे. अंग तापून माणूस गेला की नोंद तापाची. मग तो हिवताप असो, विषमज्वर असो की बाळंतरोग. प्लेगच्या काळात तर घरच्यांनाही खरं कारण सांगायची भीती वाटे, कारण प्लेग म्हटला की घर रिकामं करणं आणि रुग्णाला वेगळं ठेवणं आलंच. म्हणून हा रकाना निदान म्हणून वाचू नये. महिन्यागणिक आकडा किती फुगला, ते पाहावं.

रीत सोपी आहे. संशयित महिना धरा आणि मागच्या पाच वर्षांतल्या त्याच महिन्याचे एकूण मृत्यू काढा. समजा ऑक्टोबरचे आकडे 21, 24, 19, 26 आणि 20 आहेत; सरासरी 22. साथीच्या ऑक्टोबरमध्ये 96 मृत्यू असतील तर जादा मृत्यू 74. गावाची लोकसंख्या 16,000 धरली तर हजारी 4.6. आता रकाने पाहा. पटकी नेहमीइतकीच आणि ताप व श्वसनाचे विकार दोन्ही एकदम वर गेलेले असतील, तर 1918 च्या शरद ऋतूत संशय इन्फ्लुएंझावरच जातो. मागच्या पाच वर्षांत प्लेगचं किंवा दुष्काळाचं वर्ष आलं असेल तर ते वगळा, नाहीतर सरासरीच चढते आणि साथ लहान दिसते.

खरी फसगत होते ती वर्षात आणि हद्दीत. सॅनिटरी अहवाल जानेवारी ते डिसेंबरचा, नगरपालिकेचा एप्रिल ते मार्चचा. त्यामुळे ऑक्टोबर 1918 पालिकेच्या 1918-19 च्या अहवालात सापडेल, पण जानेवारी 1918 मात्र 1917-18 मध्ये. ‘ठाणे’ म्हणजे शहर, तालुका की जिल्हा, हे प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर तपासावं. 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, तोवर वांद्रे-कुर्ला ठाणे जिल्ह्यात मोजलं जाई. 1911 आणि 1921 चे जिल्ह्याचे आकडे थेट शेजारी ठेवले तर लोकसंख्या घटल्याचा भास व्हायचा. नवी मुंबईच्या गावांसाठी ठाण्याबरोबर पनवेल-उरणचे, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याचे कागदही चाळावे लागतात.

दर काढताना छेदाकडे, म्हणजे ज्या लोकसंख्येने भागायचं त्या आकड्याकडे, लक्ष असू द्या. अहवालातला दर बहुधा मागच्या जनगणनेवर बेतलेला असतो. 1896-97 मध्ये मुंबईतून माणसं रेल्वेने बाहेर पळाली; ती ज्या गावी दगावली तिथल्या मृत्यूंत मोजली गेली, तिथल्या लोकसंख्येत मात्र नाही. अशा वर्षी दराऐवजी जादा मृत्यूंचा नुसता आकडा देणं अधिक प्रामाणिक.

शोधाची सुरुवात घरूनच करावी: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारताचे बरेच वैद्यकीय अहवाल ऑनलाइन ठेवले आहेत, आणि 1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर पार्श्वभूमीसाठी हाताशी असावं. मूळ पत्रव्यवहारासाठी मात्र मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जावं लागतं. विभाग, साल आणि खंड क्रमांक आधीच लिहून न्या. तिथे पेन नको, पेन्सिल वापरा. पान कोपऱ्याला धरून उलटा, बोट ओलं करून कधीच नाही. मराठी नोंद मोडीत निघाली तर आधी तारीख आणि आकडे उतरवून घ्या, मजकूर नंतर जाणकाराकडून वाचून घेता येतो.

पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून एखाद्या व्यक्तीच्या नोंदीचा उतारा मिळतो, पण 1969 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे त्यात मृत्यूचं कारण दिलं जात नाही. साथीच्या अभ्यासाला म्हणूनच सुटे दाखले नव्हे, छापील तक्तेच उपयोगी पडतात.